टोपी जरा डावीकडे

"बसली का?"

उजव्या हाताची दोन बोटं टोपीच्या काठावर, मान किंचित तिरकी, आणि समोर जो कोणी असेल त्याला हा प्रश्न. मग समोर हेडमास्तर असोत, भाजीवाली असो, नाहीतर शाळेच्या ओट्यावरचं पाण्याचं पिंप असो. पिंपाला विचारताना मी स्वतः पाहिलंय, ऐकीव गोष्ट सांगत नाही. पाण्यात तोंड बघत त्यांनी टोपी डाव्या भुवईवर ओढली आणि विचारलं, "बसली का?" पिंप काय बोलणार? पण मास्तरांचं समाधान झालेलं दिसलं, कारण ते गुणगुणत वर्गात गेले.

ते आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि मी गणित. त्यांचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. भवानी पेठेत नावानं त्यांना कुणी ओळखतच नसे. 'टोपीवाले मास्तर' म्हटलं की टांगेवाला बरोबर त्यांच्या दारात नेऊन सोडायचा.

तुम्ही आजची मंडळी बोडक्या डोक्यानं हिंडता आणि वर स्वतःला देखणे समजता. समजा बापडे. मी सोलापुरात नोकरीला लागलो तेव्हा, सन पंचवीसच्या आसपास, बोडक्या डोक्याचा पुरुष रस्त्यात दिसला तर लोक हळूच विचारायचे, "कोण गेलं हो घरात?" पगड्या तेवढ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर उरल्या होत्या. फेटे बाजाराच्या दिवशी खेड्यांतून यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. आम्हा पगारदारांना काळी टोपी. ती कोणी सरळ घाली, कोणी मागे ढकली. मास्तर मात्र ती डावीकडे कलती घालत, थेट भुवई झाकेपर्यंत. काय सांगू तुम्हांला, त्या एका कलण्यानं साधा ड्रॉइंगमास्तर संस्थानातला कोणीतरी वाटायचा.

बघता बघता अख्खी पेठ डावीकडे कलली. आधी आमच्या शाळेतले उंडगे विद्यार्थी. मग हातमागावर विणणारी पोरं. ती आपापसांत तेलुगूत काहीतरी बोलून हसायची आणि मास्तर दिसले की टोपी खाली ओढायची. हेडमास्तरांनी सुरुवातीला "हे काय नाटकी चाळे!" म्हणून नाक मुरडलं, आणि एका सोमवारी त्यांचीही टोपी डावीकडे आली. कोपऱ्यावरचा टोपीवाला खूश होता. तो मास्तरांना दुकानात बसवून चहा पाजायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "टोपी तो सब पैनते, बिठाना मास्तरकूच आता."

माझीही टोपी कलली. लपवत कशाला? पण माझी गोष्ट वेगळी. मी मुळातच देखणा होतो. हसू नका, फोटो आहे माझ्याकडे. रंग उजळ, नाक सरळ, दात एका ओळीत. टोपी कलली नसती तरी माझं काही अडत नव्हतं.

माणसाच्या रूपाबद्दल मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रूप आहे हो, पण बसवलेलं नाही." देव रूप सगळ्यांनाच देतो, म्हणायचे, पण सुटं देतो, ते बसवायचं काम आपलं. संध्याकाळी आम्ही बाजारच्या रस्त्यानं फिरायला निघालो की त्यांची परीक्षा सुरू. एक वकील होते, घोड्यासारखा लांब चेहरा आणि त्यावर वीतभर उंच रुमाल. मास्तर म्हणाले, "एका घरावर दुसरं घर बांधलंय." आमच्या हेडमास्तरांच्या भरघोस मिशांबद्दल म्हणाले, "छप्पर झकास आहे, आत राहायला कुणी नाही." एका म्हाताऱ्या हमालानं डोक्याला लाल पंचा गुंडाळला होता. त्याला थांबवून म्हणाले, "बाबा, हा असाच ठेवा, सोडू नका." हमाल घाबरला. त्याला वाटलं पोलिसातले आहेत.

एकदा मी सहज विचारलं, म्हणजे उत्तर काय येणार ते गृहीत धरूनच विचारलं, "आणि माझं काय मास्तर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं सगळं जागच्या जागी आहे."

मी मान डोलावली.

"म्हणूनच लक्षात राहत नाही," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, त्याचा राग वेगळाच.

त्यांच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात एक शिसवी छडी, मारायची नव्हे, मिरवायची. तिच्या मुठीला शिंगाचा कोरलेला पोपट. एक साखळीचं घड्याळ, जे कधीच बंद पडलं होतं. एक सोनेरी काडीचा चष्मा, साध्या काचांचा. आणि एक जरीकाठी उपरणं. पेठेतला कोणीही तरुण मुलगी बघायला निघाला की आधी मास्तरांकडे यायचा. मास्तर त्याला स्टुलावर बसवत, पेन्सिल डोळ्यांसमोर धरून चेहऱ्याचं माप घेत आणि औषध द्यावं तसं एकेक जिन्नस देत. "गाल बसलेत, चष्मा घ्या." "हात कुठं ठेवावे कळत नाही तुम्हांला, छडी न्या." शेवटी त्याची टोपी आपल्या हातानं डावीकडे ओढत आणि विचारत, "बसली का?"

"पण मास्तर, घड्याळ बंद आहे. कुणी वेळ विचारली तर?"

"तर साखळी ओढायची, झाकण उघडायचं आणि म्हणायचं, 'अजून वेळ आहे.' मुलीकडच्यांना तेच ऐकायचं असतं."

या सगळ्याचं ते काही घेत नसत. एकच अट होती. परत आलं की सगळं सांगायचं. मुलगी कशी आली, बघितलं का, कुणाकडे बघितलं, हसली का. ती मंडळी मीठमसाला लावून सांगायची आणि मास्तर भिंतीला टेकून ऐकायचे. पेठेतली कितीतरी लग्नं त्या पोपटानं जमवली. मास्तर स्वतः मात्र तिशी उलटून गेली तरी सडेच. विचारलं की म्हणायचे, "आधी तुमची बसवतो, मग माझं बघू." आणखी एक. ते पंगतीला कधी येत नसत. आमच्यात पंगतीला टोपी काढून बसतात. बोलावलं की त्यांचं पोट बिघडलेलं असायचं. आम्ही त्यांना पोटाचा विकार आहे असंच धरून चाललो होतो आणि ओव्याच्या पुड्या नेऊन देत होतो.

पेठेतल्या राममंदिरात एक पुराणिकबुवा होते. पुराण सांगता सांगता लग्नंही जुळवायचे. त्यांच्या हाती करकंबचं एक स्थळ होतं. वडील निवृत्त शिक्षक, आई नाही, घरचा कारभार आत्याकडे. मुलगी उंच, मराठी फायनल पास, आणि लाडकी असल्यानं तिला विचारल्याशिवाय वडील पाऊल टाकत नव्हते. आधी आमच्या शाळेचा कारकून पाहून आला. मुलगी नको म्हणाली. मग पोस्टातला एक गृहस्थ गेला. मुलगी पुन्हा नको म्हणाली. तेव्हा मी म्हटलं, आता माझ्याशिवाय गत्यंतर नाही.

मीही स्टुलावर बसलो. "तुम्हांला खरं तर काहीच नको," मास्तर म्हणाले, "पण सगळं न्या. निदान लक्षात राहाल." मी छडी, साखळी, उपरणं घेऊन करकंबला गेलो. मुलगी पोह्याची बशी घेऊन आली. तिनं छडीकडे पाहिलं. मग माझ्या टोपीकडे पाहिलं. उकाड्यानं टोपी मागे सरकत होती, मी ती पुन्हा भुवईवर ओढत होतो. आणि एकदम तिनं पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. मी समजलो, लाजली. येताना आगगाडीत मी मनातल्या मनात मुलांची नावंही ठरवून टाकली.

चार दिवसांनी पुराणिकबुवा आले ते मान खाली घालून.

"मुलगी नको म्हणते."

"मला?" मी ओरडलो. "मला नको म्हणते? त्या कारकुनाला म्हणाली ते समजू शकतो, त्याचे कान बघा! पण मला?"

"पुढचं ऐका," बुवा म्हणाले. "आत्याबाई म्हणाल्या, तुमच्या पोपटाची आता आमच्या घराला सवय झाली. तीन वेळा आला, दर वेळी माणूस वेगळा. आणि मुलगी म्हणते, तिघंही टोपी डाव्या भुवईवर ओढतात. टोपी सरकली तेव्हा तिनं बघून घेतलं, खाली धड भुवई आहे. मग ओढता कशाला? ज्याचं बघून ओढता, त्याला तिथं झाकण्यासारखं काहीतरी असणार. ती म्हणते, नकला पुरे झाल्या. ज्याचा पोपट आहे, त्याला पाठवा."

आता मी हसावं की रडावं? मी हसायचं ठरवलं. एवढी गंमत मास्तरांना सांगायला तडक त्यांच्या वर्गात गेलो. ते फळ्यावर आंबा काढत होते. मी सांगत गेलो, आणि 'झाकण्यासारखं काहीतरी' म्हणालो तेव्हा त्यांच्या हातातला खडू मोडला. आंबा अर्धाच राहिला.

"शाळा सुटल्यावर खोलीवर या," ते म्हणाले.

खोलीवर गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं, खिडकीच्या उजेडात उभे राहिले आणि टोपी काढली. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहत होतो. डाव्या डोळ्यावर भुवईच नव्हती. तिथून केसांपर्यंत आक्रसलेली, चकचकीत कातडी. भाजल्याची खूण.

"लहानपणी," ते म्हणाले, "वडिलांची पगडी खुंटीवरून काढली. घालून कसा दिसतो बघायचं होतं. आरशाजवळ रॉकेलची चिमणी ठेवली, वाकलो, आणि पगडीनं पेट घेतला. नटायची हौस अशी फिटली."

मी म्हणालो, "एवढं काही वाईट दिसत नाही."

"गणित शिकवता तेच बरं आहे तुमचं," ते म्हणाले. "अहो, भुवई म्हणजे चेहऱ्याचा कानामात्रा. एकीकडचा गेला की शब्दच चुकतो."

मग त्यांनी अक्कलकोटची गोष्ट सांगितली. पूर्वी एकदाच ते स्वतः मुलगी बघायला गेले होते. जेवणाचा आग्रह झाला, पाटावर बसायचं म्हणून टोपी काढावी लागली. दाराआडून मुलगी बघत होती. ती आईला कानडीत म्हणाली, "यव्वा, ब्याड." नको गं आई, एवढंच. तिला वाटलं, मराठी मास्तराला कुठलं कानडी कळतंय.

"मला कळतं," मास्तर म्हणाले. "तो एकच शब्द आला नसता तरी चाललं असतं. तेव्हापासून ठरवलं, बघायचं काम आपलं. बघून घ्यायचं नाही. तुम्ही जायचात, परत येऊन सांगायचात, मी ऐकायचो. तेवढ्यात माझं भागत होतं. आता त्या करकंबला कळवून टाका, माणूस नाही म्हणतो."

मला वाईट वाटलं की रागच येतो, माझा स्वभावच तसा. मी म्हणालो, "वा! म्हणजे ती मला नाकारून तुम्हांला बोलावते, आणि तुम्ही नाही म्हणणार? मग मला कशासाठी नाकारलं तिनं? माझ्या अपमानाची तरी काही किंमत ठेवा!"

मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की शेजारची बाई डोकावली. त्यांनी चटकन टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी आमचा न्हावी आला तेव्हा मी त्याला खोदून विचारलं, कारण मास्तरांची हजामत तोच घरी जाऊन करायचा. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय की," तो वस्तरा परजत म्हणाला.

"मग कधी बोलला नाहीस?"

"कशापायी बोलायचं? लोक इचारत्यात, मास्तरावानी टोपी बसंल असं केस काप. मी कापतो. तुमचं बी कापलं की! हासायला लई येतं मला, पर हात हालंल म्हून हासत न्हाय."

मास्तर शेवटी तयार झाले. का झाले ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण निघायच्या दिवशी ते स्टुलावर बसले, मी समोर उभा, आणि मला म्हणाले, "आज तुम्ही सांगा." मी काय सांगणार? साऱ्या पेठेला 'शोभेल तेवढंच घ्या' म्हणणाऱ्या या माणसानं सगळं एकदम अंगावर चढवलं होतं. चष्मा, साखळी, उपरणं, छडी. त्यातून वर अत्तर. चालतं दुकान दिसत होतं. मी म्हणालो, "छान." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना कळलं. तरी त्यांनी काहीच काढलं नाही.

चैत्राचं ऊन. कुर्डुवाडीला गाडी बदलली, मोडनिंबला उतरलो, पुढं बैलगाडी. घामानं मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, जरा टोपी काढून वारा घ्या, इथं रानात कोण बघतंय? त्यांनी नुसती मान हलवली. टोपीखाली आणखी काय करून ठेवलंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

करकंबला दारातच आत्याबाई उभ्या होत्या. लुगड्याचा पदर डोक्यावरून, आणि नजर अशी की आमच्या इन्स्पेक्टरनं शिकावं. त्यांनी आधी छडीकडे पाहिलं. "आला का पोपट? या." मग मला पाहून म्हणाल्या, "तुम्ही पुन्हा?"

"मी सोबत," मी म्हणालो. काय पाळी आली बघा.

बैठकीत बसलो. वडील साधे गृहस्थ, त्यांनाच घाम फुटला होता. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "किती वाजले असतील हो?" मास्तरांचा हात सवयीनं साखळीकडे गेला, झाकण उघडलं, आणि ते म्हणाले, "अजून वेळ आहे."

"हो, आमच्याकडे तेवढेच वाजतात दर खेपेला," दारातून आत्याबाई म्हणाल्या.

मुलगी पोहे घेऊन आली. तिनं बशा ठेवल्या आणि वर पाहिलं. त्याच वेळी मला दिसलं, टोपीच्या काठाखालून मास्तरांच्या डाव्या गालावर एक काळा ओघळ हळूहळू उतरत होता. ड्रॉइंगमास्तर! टोपीवर भरवसा न ठेवता त्यांनी काजळानं आख्खी भुवई काढली होती. शाळेत त्यांच्याइतकी सुरेख रेघ कुणाची नव्हती. पण करकंबच्या उन्हापुढे ती काय टिकणार? ओघळ डोळ्याच्या कडेनं खाली आला, मिशीपाशी थांबला, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"अहो," आत्याबाई म्हणाल्या, "तुमची टोपी गळतीय."

मास्तरांनी गालाला हात लावला, बोटं पाहिली. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की ते काळं आणखी काळं दिसायला लागलं. छडी हातातून सुटून फरशीवर आपटली. मी त्यांना ओळखत होतो. आता ते उठतील, तसेच चालत मोडनिंबला जातील, आणि पुन्हा आयुष्यात कुणासमोर बसणार नाहीत. अक्कलकोटचा तो शब्द मलाच ऐकू यायला लागला. मी देवाचा धावा केला, मी, जो देवळात नुसता प्रसादाला जातो.

मुलगी आत गेली. गेली ती गेली, मी म्हटलं, संपलं. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन परत आली आणि तो त्यांच्यासमोर ठेवला.

"आधी ते पुसा," ती म्हणाली. "आणि टोपी सरळ घाला की."

वडील "अगं, अगं" म्हणाले. मास्तरांनी जरीचं उपरणं पाण्यात बुडवलं आणि तोंड पुसलं. काजळ जरीला लागलं. चष्मा काढून बाजूला ठेवला. मग टोपीच्या काठाला उजव्या हाताची दोन बोटं लावली आणि सावकाश, फार सावकाश, टोपी सरळ केली. भुवई नसलेला डोळा, ती आक्रसलेली कातडी, सगळं उजेडात आलं. ते कुणाकडेच बघत नव्हते. बघता बघता जमिनीकडे गेलेली नजर वर आली, मान जरा तिरकी झाली, आणि निव्वळ सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"बसली का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण प्रश्न मला नव्हता.

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. घाई केली नाही. "आता बसली," ती म्हणाली.

"पोहे खा," आत्याबाई म्हणाल्या. "गार झाले." आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. धूर गेला असं सांगितलं त्यांनी नंतर, पण चुलीला त्या वेळी जाळ नव्हता.

लग्न झालं. मी त्यात नाचलो, यापुढे काय सांगू? माझंही पुढच्याच वर्षी जेऊरच्या मुलीशी जमलं. मी ही गोष्ट सांगायला लागलो की माझी बायको अजून म्हणते, "तिला अक्कल होती, म्हणून माझ्या नशिबी तुम्ही आलात."

लग्नानंतर मास्तरांची टोपी सरळ झाली ती कायमची. पंगतीला यायला लागले, चांगले चापून जेवायचे, आणि ओव्याच्या पुड्या त्यांनी आम्हांलाच परत केल्या. पण पेठेची गंमत पाहा. पेठेच्या टोप्या डावीकडेच राहिल्या! टोपीवाला हळहळून म्हणायचा, "शादी के बाद मास्तर का शौकच गया." विद्यार्थी तर म्हणायचे, मास्तरांना आता फॅशन कळत नाही. मास्तर हे ऐकून खोखो हसायचे. आणि वहिनी, आता मी त्यांना वहिनीच म्हणत होतो, त्या दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या टोप्या बघायच्या आणि म्हणायच्या, "काय तरी बाई, भुवया असून नसल्यासारख्या!"

मग सन तिसाचा तो उन्हाळा आला. शहरात लष्करी कायदा होता, आणि पांढरी टोपी दिसली की शिपाई ती उतरवायला लावायचे. जन्मभर काळी टोपी घातलेल्या आमच्या मास्तरांनी नेमकी तेव्हा पांढरी घेतली. मी म्हणालो, "अहो, आत्ता?" म्हणाले, "या उन्हाळ्यात हीच बसते." चौकात त्यांना अडवलं, दरडावलं. त्यांनी टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. आणि बोडक्या डोक्यानं, उन्हात, भर पेठेतून चालत घरी आले. टोपी सरळ झाली तरी पेठेनं बघितली होती ती टोपीच; ती भुवई, म्हणजे ती नसलेली भुवई, आणि वर केसांपर्यंतची खूण अख्ख्या भवानी पेठेनं तेव्हा पाहिली. ते प्रत्येक दुकानाशी थांबून रामराम करत होते. टोपीवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि कितीतरी वेळ खाली बसला नाही. त्याला त्या दिवशी सगळं समजलं असावं. पोरांना मात्र काही समजलं नाही. ती म्हणाली, शिपायांनी मारलं मास्तरांना, बघा केवढी खूण!

त्यानंतर फार वर्षं मिळाली नाहीत. विषमज्वर. आठवडाभर आम्ही आळीपाळीनं उशाशी बसत होतो. शुद्धीवर आले की म्हणायचे, "काय चेहरे करून बसलाय! रूप आहे तेही घालवाल." एका सकाळी शुद्धीवर आलेच नाहीत.

अंगणात त्यांना ठेवलं होतं. जुने विद्यार्थी जमले होते, मागावरची पोरं होती, आता ती पोरं राहिली नव्हती. कुणीतरी मायेनं त्यांची ती जुनी काळी टोपी पत्र्याच्या पेटीतून शोधून आणली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. डावीकडे कलती, थेट भुवईवर. विद्यार्थ्यांनी शाळेत पाहिली होती तशी. वाईट हेतूनं केलं नव्हतं कुणी. मला ते खटकलं.

वहिनी घरातून बाहेर आल्या. बायका त्यांना धरत होत्या, त्यांनी हात सोडवून घेतले. मंडळी बाजूला झाली. त्या खाली बसल्या, टोपीच्या काठाला दोन बोटं लावली आणि ती सावकाश सरळ केली. मग उठून एक पाऊल मागं सरल्या, मान जरा तिरकी करून पाहिलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"भावजी, बसली का?"

माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तरी मी म्हणालो, "बसली, वहिनी."

मग आम्ही मास्तरांना उचललं.